भिंगातला पाठमोरा

१

वर्न टॅलिसच्या स्कोपमध्ये पाणी शिरलं ते गेल्या हिवाळ्यात. ओढा ओलांडताना शेवाळावरून पाय सटकला आणि तो बंदुकीसकट कमरेएवढ्या पाण्यात बसला. वर्न वाचला, बंदूक वाचली. पण बंदुकीवर बसवलेल्या त्या जुन्या दुर्बिणीत, तिला तिकडे सगळे स्कोपच म्हणतात, आतून जे धुकं धरलं ते काही केल्या जाईना. त्याने तो स्कोप शेगडीजवळ ठेवून पाहिला, तांदळाच्या डब्यात पुरून पाहिला. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा केस वाळवायचा ड्रायर कपाटातून काढून तोही लावून झाला. शेवटी चार शिव्या हासडून त्याने नवा घ्यायचं ठरवलं.

घ्यायला हवाच होता. ऑगस्टचा पहिला आठवडा दोन महिन्यांवर आला होता, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तिकडच्या ऐन थंडीत, वर्न आणि क्लॅरी सांबरावर जातात, हे व्हिक्टोरियाच्या त्या डोंगरपट्ट्यात एकतीस वर्षं सगळ्यांना पाठ होतं. सांबर मूळचं आपल्याच मुलखातलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणा हौशी साहेबाने बोटीतून नेऊन तिकडे सोडलं, आणि तिथल्या निलगिरीच्या रानात ते असं माजलं की शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात. क्लॅरी बॉइस हा वर्नच्या धाकट्या बहिणीचा, मर्लचा नवरा. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात जाळी बसवली होती. डॉक्टर म्हणाले डोंगर नको, क्लॅरी म्हणाला डॉक्टर नको.

मर्लने वर्नला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मी अडवलं तर एकटा जाईल तो. तू बरोबर असलास की मला निदान झोप लागते. नेतोस तसा परत आण, बाकी मला काही नको." वर्न हो म्हणाला होता. बायको गेल्यापासून दर रविवारी तो मर्लकडे जेवत होता. त्याला दुसरं घर नव्हतं आणि दुसरं माणूसही नव्हतं.

गावात बंदुकांचं दुकान एकच, रेलीनचं. एका भिंतीला गळ आणि आमिषं, दुसऱ्या भिंतीला कुलपात बंदुका, मधे रेलीन. वर्नने आपलं बजेट सांगितलं तेव्हा तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"सहाशे डॉलरात काच मिळते वर्न, उजेड मिळत नाही. उजेडाचे वेगळे पडतात."

"चाळीस वर्षं मी चार पटीच्या स्कोपवर काढली आहेत."

"तेव्हा तुझे डोळे वीस वर्षांचे होते. सांबर काही भर दुपारी उन्हात उभं राहून तुला फोटो काढू देणार नाही. झाडीत, सावलीत, एक कान दिसेल फक्त. हा धर, बघ तरी. बघायचे पैसे घेत नाही मी."

तिने हातात दिलेला स्कोप नऊशेचा होता. त्या दुकानाची रीत अशी की गिऱ्हाईक मागच्या दारात उभं राहतं आणि समोरच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतं. टाकीवर रंगवलेला आकडा वाचता आला तर काच चांगली. वर्नने डोळा लावला. आकडा तर दिसलाच, आकड्यावरचे रंगाचे ओघळही दिसले. असं दिसतं काहीतरी या जगात, आणि आपण चाळीस वर्षं धुरकट बाटलीतून बघत आलो, या विचाराने त्याला जरा वाईटच वाटलं.

टाकीच्या पायाशी एक माणूस पाठमोरा उभा होता.

"टाकीचं काम चाललंय का?" वर्नने विचारलं.

"कसलं काम?"

"माणूस आहे ना वर."

रेलीनने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, मग त्याच्या हातातून स्कोप घेऊन पाहिलं. "कोणी नाही तिथे. नगरपालिकेचा माणूस वर्षातून एकदा येतो, तोही चहा प्यायला माझ्याकडे."

वर्नने परत डोळा लावला. माणूस होता. हात दोन्ही बाजूंना सोडून, हलत नव्हता, डोकं किंचित खाली. ही बाई नीट बघत नसेल, वर्नच्या मनात आलं. बायका तशा घाईतच असतात. विचार करून सांगतो म्हणाला आणि घरी आला.

२

त्याच आठवड्यात वर्नने वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली. पन्नास किलोमीटरवर एक म्हातारा गवळी आपला स्कोप विकत होता, साडेचारशेला. हात कापायला लागले होते म्हणून विकत होता. त्याचं नाव ऑल्ड्रिज. वर्न गेला तेव्हा तो ओसरीवर ब्लँकेट घेऊन बसला होता आणि समोर दूरवर त्याच्या गाई चरत होत्या.

"जपानी काच आहे," ऑल्ड्रिज म्हणाला. "सोळा नर मारलेत यातून. सतरावा चुकला, तो माझ्या हाताने, काचेने नाही."

वर्नने स्कोप गाईंकडे रोखला. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या गाई, तारेचं कुंपण, कुंपणाच्या खांबावर बसलेला कावळा. आणि खांबाला लागून तो माणूस. पाठमोराच होता, पण त्या दिवशीपेक्षा त्याचा एक खांदा थोडा अलीकडे वळला होता. अंगात काहीतरी गडद रंगाचं. त्याच्या शेजारून एक गाय चरत गेली आणि तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

वर्नला वाटलं, स्कोप परत देऊन निघावं. पण तो विचारी माणूस होता, आरागिरणीत आयुष्य गेलेलं, यंत्र बिघडलं तर आधी पट्टा बघायचा, मग मोटार, हे अंगात भिनलेलं. स्कोपला मागे एक रिंग असते, ती फिरवली की दिसतं ते मोठं होतं. त्याने रिंग तीनवरून नऊवर नेली. गाई मोठ्या झाल्या. खांबाचा चिरलेला भाग दिसायला लागला. कावळा एवढा मोठा झाला की त्याची चोच उघडमीट होताना दिसली.

माणूस होता तेवढाच राहिला.

वर्नने रिंग मागे आणली, पुढे नेली, मागे आणली. कुंपण जवळ यायचं, लांब जायचं. माणूस तेवढाच, अंगठ्याएवढा.

"काय झालं?" ऑल्ड्रिजने विचारलं.

"काही नाही. डोळ्यात काहीतरी आहे," वर्न म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या जिवात जीव आला. अहो, डोळ्यातच असणार. बाहेरचं असतं तर मोठं झालं नसतं का? परतीच्या वाटेवर गाडीत एकटाच बसून तो स्वतःला हसला. एकसष्ट वर्षांचा घोडा झाला आणि डोळ्यातल्या डागाला घाबरला.

३

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, आणि तिने वर्नच्या दोन्ही डोळ्यांत औषध घालून अर्धा तास दिवा मारला.

"मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अगदी नगण्य. पडदा स्वच्छ आहे. तुमच्या वयाला मी असे डोळे फार कमी बघते."

"डाग नाही कुठे?"

"कसा डाग?"

वर्न घुटमळला. "उभा. लांबट. मधोमध नाही, जरा बाजूला."

"तो तुमच्या नजरेबरोबर फिरतो का? म्हणजे तुम्ही डावीकडे पाहिलंत की तोही डावीकडे सरकतो?"

वर्नने आठवून पाहिलं. गाईंवरून नजर फिरवताना तो खांबापाशी होता. कावळ्यावर नजर असतानाही खांबापाशीच होता. "नाही," तो म्हणाला. "जागच्या जागी असतो."

"मग तो डाग नाही, मिस्टर टॅलिस. डाग डोळ्यात असतो, डोळ्याबरोबर फिरतो. जागेवर उभी राहते ती वस्तू." ती बोलता बोलता हात पुसत होती, तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मर्लने मटण भाजलं होतं. जेवण झाल्यावर क्लॅरी आरामखुर्चीत घोरायला लागला तसा वर्न मागच्या अंगणात गेला. दारामागे क्लॅरीची दोन डोळ्यांची दुर्बीण टांगलेली असे. दोघांत मिळून ती एकच होती. वर्नने ती लावून शेजाऱ्याचं कुरण पाहिलं, डोंगराची कड पाहिली, रस्त्याकडेची झाडं एकेक करून पाहिली. कुठे कोणी नव्हतं. डावा डोळा, उजवा डोळा, दोन्ही. काही नाही.

मग त्याने क्लॅरीची बंदूक मागितली. मर्लने कपाटाची किल्ली दिली. साफ करतोय असं तो तिला म्हणाला. गोळी आत सारणारा बोल्ट काढून ठेवला, गोळी नाही याची दोनदा खात्री केली, आणि तिच्या स्कोपमधून तेच कुरण पाहिलं.

शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीपाशी तो उभा होता. आता एका अंगाला वळलेला, गालाची कड दिसेल न दिसेल इतका.

म्हणजे भिंगाचं काही नव्हतं. डोळ्याचंही नव्हतं. जी काच बंदुकीवर चढते तिच्यातच तो येत होता. वर्न अंगणातल्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बराच वेळ बसून राहिला. आतून मर्लचा भांडी घासण्याचा आवाज येत होता, आणि ती क्लॅरीला म्हणत होती, "उठ आता, तुझ्या गोळ्या घ्यायच्यात."

४

"हा?" रेलीनने विचारलं. "हा तुला हवाय?"

काउंटरवर एकशे नव्वद डॉलरचा स्कोप होता. त्याच्या खोक्यावर वाघाचं चित्र होतं, यावरून काय ते समजा.

"बजेट," वर्न म्हणाला.

"बजेट सहाशे होतं तुझं. सहाशेत मी तुला बऱ्यापैकी काच देते, वर स्कोप बंदुकीवर धरणारं माउंट फुकट बसवून देते. हा मी सशांवर जाणाऱ्यांना विकते. झाडीत बघशील तर सगळा चिखल दिसेल."

वर्नने मागच्या दारात जाऊन टाकीकडे पाहिलं होतं. आकडा वाचता येत नव्हता. टाकीच्या पायाशी जे काही होतं ते वितळल्यासारखं, कडा नसलेलं. मनात आणलं तर झाडाचा बुंधा म्हणता येईल असं. तेवढंच त्याला हवं होतं. चांगल्या काचेत तो आणखी वळला असता तर चेहरा दिसला असता, आणि तो चेहरा बघायची वर्नची तयारी नव्हती. नऊशेच्या काचेत तर नाहीच नाही.

"क्लॅरीला काही झालंय का?" रेलीनने हळू आवाजात विचारलं. "पैशांचं काही असेल तर सांग. नंतर दे."

"नाही गं. म्हातारपणी कशाला उगीच खर्च."

न जाण्याचा विचार त्याने केला नाही असं नाही. तीन रात्री केला. पण तो गेला नाही तर क्लॅरी एकटा जाणार, आणि एकट्याची छाती डोंगरात धरली म्हणजे संपलं. म्हणून त्याने स्वतःपुरतं ठरवलं: जायचं, बंदूक खांद्यावर न्यायची, आणि यंदा गोळी झाडायची नाही. आकाश कोसळलं तरी नाही. ठरवलं आणि त्याला बरं वाटलं, अगदी त्या गवळ्याच्या ओसरीवर वाटलं होतं तसं.

५

स्कोप नवा असला की आधी कागदावर गोळ्या मारून जुळवून घ्यावा लागतो. नाही केलं तर क्लॅरीला संशय आला असता, म्हणून पहिल्या दिवशी तळावर वर्नने शंभर पावलांवर पुठ्ठा लावला. माणूस पुठ्ठ्याच्या उजव्या अंगाला उभा होता. वर्नने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही पुठ्ठ्यात लागल्या, माणूस हलला नाही.

"एकशे नव्वदच्या मानाने बरा मारतोस," क्लॅरी म्हणाला. "बाकी त्या काचेतून बघण्यापेक्षा डोळे मिटून मार. सांबराला तरी समान संधी."

"तू नारंगी जाकीट का नाही घातलंस? झाडीत माणूस लांबून ओळखू यावा म्हणूनच असतं ना ते?"

"रस्त्याचं काम करणारा दिसतो मी त्यात. आणि तुला माझं काय पडलंय एकदम? एकतीस वर्षांत विचारलं नाहीस."

त्या रानात शिकाऱ्यांच्या कमरेला छोटा रेडिओ असतो, आणि सगळ्यांचा चॅनल एकच. त्यामुळे रेडिओवर आपलं खरं ठिकाण कोणी म्हणजे कोणी सांगत नाही. चांगल्या घळीचं नाव एकदा हवेत गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे चार गाड्या. खालच्या पुलाशी आहे म्हणणारा वरच्या धारेवर असतो, आणि तळावर झोपलोय म्हणणारा सांबराच्या मागे ओणवा चालत असतो. यात कोणाला वावगं वाटत नाही. क्लॅरी तर यातला उस्ताद. एकदा त्याने तीन माणसांना रेडिओवरून दिवसभर चुकीच्या डोंगरावर फिरवलं होतं आणि ती गोष्ट तो दर नाताळला सांगत असे. खरं काय ते दोघं सकाळी तळावर एकमेकांना सांगत. मग दिवसभर रेडिओवर थापा.

दिवस जात राहिले. सकाळी गवतावर बर्फाचा थर असायचा, मग ऊन चढलं की समोरच्या उतरणींवर सांबरं ऊन खायला बाहेर येतात. वर्न बसून बघायचा. प्रत्येक उतरणीवर तो होता. नेच्यात, दरडीपाशी, पडलेल्या खोडाजवळ. पाठमोरा की तोंड करून, हे त्या भिकार काचेतून कळत नव्हतं आणि वर्नला कळून घ्यायचंही नव्हतं. पहिले दोन दिवस तो दिसला की वर्न बंदूक खाली घ्यायचा. चौथ्या दिवशी वर्न त्याच्या बाजूचं रान न्याहाळायला लागला. गाडीच्या काचेला तडा गेला तर माणूस त्याच्या बाजूने रस्ता बघायला शिकतो, तसं ते होतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. शेगडीवर सॉसेज चरचरत होते.

"क्लॅरी, स्कोपमधून कधी माणूस दिसलाय का तुला? म्हणजे तिथे नसलेला?"

क्लॅरी सॉसेज परतत राहिला. "मला मर्ल दिसते. हातात गोळ्यांची डबी घेऊन. प्रत्येक झाडामागे."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मग डोळे तपास."

"तपासले."

"मग डोकं." असं म्हणून त्याने सगळ्यांत जळका सॉसेज वर्नच्या ताटात टाकला. वर्नलाही मग पुढे बोलवेना. बोलून दाखवलं की ते किती येडपटासारखं वाटतं हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

६

सहाव्या सकाळी क्लॅरीने अंथरुणातूनच सांगितलं की गुडघा धरलाय.

"छाती?" वर्नने विचारलं.

"गुडघा म्हटलं ना. कुठे गुडघा, कुठे छाती. तू जा. मी गाडीपाशी उन्हात बसतो. दुर्बीण नेतोस?"

"राहू दे तुला. पक्षी बघ."

स्कोप आहे की आपल्याकडे, हा विचार त्याने केला. स्कोपमधून रान धुंडाळू नये, कारण ज्याच्याकडे स्कोप वळतो त्याच्याकडे नळीही वळते, हे तिकडे परवाना द्यायच्या आधी शिकवतात. वर्नने स्वतः गावातल्या पोरांना शिकवलं होतं. पण दुर्बिणीत काही दिसत नाही आणि स्कोपमध्ये दिसतं, असं झाल्यावर माणसाला दुर्बिणीचा भरवसा राहत नाही.

दहाच्या सुमारास तो आपल्या जागी बसला. मधे खोल घळ, समोर अडीचशे मीटरवर उन्हात निघालेली उतरण, कमरेएवढं नेचं, काळसर जळकी खोडं. वारा तोंडावर. अर्धा तास काही हललं नाही. मग नेच्याच्या वरच्या कडेला, एका पडक्या झाडाच्या मागे, शिंगं दिसली.

एकतीस वर्षांत वर्नने असा नर पाहिला नव्हता. शिंगं हातभर नव्हेत, दोन हात. मान काळी, झुबकेदार. तो आरामात उभा राहून ऊन खात होता. वर्नने बंदूक मांडीवरून उचलली ती फक्त बघायला. खरंच फक्त बघायला.

काचेत नर होता आणि त्याच्या खालच्या अंगाला, अगदी त्याच्या खांद्याच्या रेषेत, तो माणूस होता. नेच्यातून कमरेपासून वर दिसत होता. आज पहिल्यांदाच त्याचं तोंड निःसंशय इकडे होतं. पण दोन्ही हात डोळ्यांवर होते, कोपरं बाहेर फाकलेली. चेहरा झाकून उभं राहावं तसा. वर्नला सुटल्यासारखं वाटलं. चेहरा बघावा लागणार नव्हता.

त्याने बंदूक खाली केली. नुसत्या डोळ्यांनी समोर फक्त झाडी होती, ऊन होतं, तपकिरी-हिरवं असं सगळं एकात एक मिसळलेलं. त्याने रेडिओ तोंडाशी धरला.

"क्लॅरी. कुठे आहेस?"

थोडी खरखर झाली. "गाडीपाशी. कुठे असणार?" क्लॅरीचा आवाज अगदी हळू होता, ओठातल्या ओठात बोलल्यासारखा.

"खरं सांग."

"खरंच रे. चहा टाकलाय. साखर दोन ना तुला?"

"हळू का बोलतोयस?"

"पक्षी बघतोय. तूच म्हणालास ना." आणि चॅनल बंद झाला.

वर्नने रेडिओ गवतात ठेवला. सकाळी तळावर क्लॅरीने सांगितलं होतं की मी गाडीपाशी. आत्ता रेडिओवर सांगितलं की गाडीपाशी. सकाळचं खरं असतं, रेडिओवरचं खोटं असतं. दोन्ही एकच असतील तर ते खरंच असणार, नाही का? हिशेब चोख होता. हळू आवाजाचं म्हणावं तर छातीत दुखत असेल आणि सांगत नसेल. तर मग नर घेऊन लवकर परत जावं हेच बरं. असं एकामागून एक सगळं त्याच्या मनात सुरळीत बसत गेलं, आणि खोलवर कुठेतरी त्याला हेही कळत होतं की आपल्याला ते बसवून घ्यायचं आहे.

शिवाय आणखी एक होतं. दोन महिने काचेतला हा माणूस त्याच्या डोळ्यासमोर उभा होता. एकदा त्याच्यातून गोळी आरपार गेली, नर मागे कोसळला, की झालं. तिथे काही नव्हतं हे सिद्ध होईल. मग रविवारी मर्लकडे शांतपणे जेवता येईल.

नराने मान वळवली. आता तो जाणार होता. वर्नने बंदूक खांद्याला लावली, रिंग नऊवर नेली. खोडं मोठी झाली, नर मोठा झाला, काचेतली नेम धरायची काळी फुली त्याच्या खांद्यावर, म्हणजे त्या माणसाच्या छातीवर येऊन थांबली. वर्नने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

माणूसही मोठा झाला होता. हे त्याला दिसलं होतं, चाप ओढताना दिसत होतं, आणि बोट थांबलं नव्हतं.

दणका घळीत फिरून आला. वरच्या अंगाला नर पळत गेल्याचा आवाज झाला, फांद्या मोडल्या, दगड घरंगळले, आणि मग शांत झालं. वर्नने बोल्ट ओढला नाही. त्याने परत डोळा लावला. समोर नेचं होतं. पडकं झाड होतं. त्याने स्कोप डावीकडे नेला, उजवीकडे नेला, संपूर्ण उतरण वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली, मग मागे वळून मागचा डोंगर पाहिला, खालचा ओढा पाहिला. कुठेही कोणी नव्हतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती काच रिकामी होती.

 उन्हाची कड त्याच्या बुटावरून सरकून गेली. बंदूक तिथेच गवतात ठेवून तो रेडिओ घेऊन उतरायला लागला. गाडी डाव्या हाताला, खाली होती. पाय उजवीकडे, घळीत जात होते, आणि तो पायांना काही म्हणाला नाही. ओढ्यातलं पाणी घोट्यापर्यंत होतं. पलीकडचा चढ तो हातांनी मुळं धरून चढला. नर जखमी असेल तर बघायला हवं, असं तो मधेमधे स्वतःला मोठ्याने सांगत होता.

नेचं सुरू झालं तिथे तो थांबला. दम लागला होता. खालच्या या अंगाला ते जास्त उंच होतं, पानं खांद्याला लागत होती आणि पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. त्याने रेडिओ तोंडाशी नेला. बटण बोटाखालून दोनदा निसटलं.

"क्लॅरी," तो म्हणाला, "मी येतोय. चहा ओत."

वरच्या अंगाला, वीसेक पावलांवर, नेच्याच्या आतून त्याचाच आवाज आला. बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, दुसऱ्या रेडिओतून. क्लॅरी, मी येतोय. चहा ओत.

वर्नने बटणावरचं बोट काढलं. रान एकदम गप्प झालं, आणि आवाज नेमका कुठून आला ते कळेनासं झालं. पुढे जायचं तर बोलत राहणं भाग होतं. त्याने परत बटण दाबलं आणि जे तोंडाला येईल ते बोलायला लागला, साखर दोन चमचे, मर्लला आज फोन करायचाय, गुडघ्याला काय लावलंस. आणि पानं बाजूला सारत तो त्या आवाजाच्या रोखाने चढू लागला.